नावं उघडायचा शनिवार

उज्वला फेब्रुवारीत गेली. मेंदूत रक्तस्राव झाला, तीन दिवस हॉस्पिटल, आणि चौथ्या दिवशी मी घरात एकटा होतो. भेटायला आलेले सगळे म्हणायचे, रडून घ्या, मोकळं वाटेल. मला रडू येत नव्हतं. खरं सांगायचं तर वाईटही वाटत नव्हतं, पण हे सांगायचं कुणाला? भूक लागायची, झोप लागायची, सकाळी पोट साफ व्हायचं. दाढेला भूल दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसा मी सगळाच मला वाटत नव्हतो. मुलगी वैदेही रोज पुण्याहून फोन करून जेवलात का विचारायची आणि मी तिला भाजीसकट सांगायचो.

मार्चमध्ये अस्मिताबाईंचा फोन आला. या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. ऐरोलीतल्या आमच्या सेक्टरच्या विरंगुळा केंद्रात दर शनिवारी पाच वाजता त्या लिहिणाऱ्यांचा गट चालवतात. उज्वला सहा वर्षं तिथे जात होती. पावणेपाचला साडी बदलायची आणि लिहायला जाते म्हणायची. मी मॅच बघता बघता बरं म्हणायचो. काय लिहितेस असं एकदाही विचारलं नाही. अडवलंही नाही, आणि अडवत नाही हे मी सोसायटीत चार लोकांना अभिमानाने सांगितलेलं होतं. अस्मिताबाई म्हणाल्या, तिचा एक कागद आमच्या फाइलमध्ये आहे, अजून वाचला गेलेला नाही, येऊन घेऊन जा.

मी शनिवारी गेलो. बाजूच्या खोलीत म्हातारे कॅरम खेळत होते, इकडे प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडून सात-आठ जण बसलेले. बाईंनी मला आधी त्यांची पद्धत समजावून सांगितली. लिहिणाऱ्याने आपला कागद बंद पाकिटात बाईंकडे द्यायचा. बाई वहीत क्रमांक आणि नाव टाकतात आणि कागद धनेशकडे जातो. धनेश हा गटातलाच, दिवा गावातला, त्याचं नाक्यावर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. तो सगळ्यांचं सगळं एकाच टाइपात छापतो, वर नुसता क्रमांक, आणि लिहिणाऱ्याने शीर्षक दिलं असेल तर तेवढं. हस्ताक्षरावरून ओळखायची सोय नाही. शनिवारी त्यातले दोन कागद काढायचे आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याने वाचायचे. मग प्रत्येकाने त्यावर बोलायचं. ज्याने लिहिलंय त्यानेसुद्धा, जणू दुसऱ्याचंच आहे असं. कुणाचं आहे हे विचारायचं नाही, आपलं आहे हे तोंडावर दिसू द्यायचं नाही. कागदाबद्दल कुणाला प्रश्न पडला तर तो बाई वहीत लिहून घेतात. वर्षातून एकदा, दसऱ्याआधीच्या शनिवारी, वही उघडते. त्या दिवशी नावं कळतात आणि त्या कागदाला आलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहिणाऱ्याने द्यायचं असतं.

एवढा उपद्व्याप कशाला, असं मी विचारलं. तर म्हणे पहिल्या वर्षी एका सोसायटीचे चेअरमन यायचे आणि त्यांच्या कवितेला सगळे टाळ्या वाजवायचे, कारण पाण्याच्या लाइनचं काम त्यांच्या हातात होतं. पार्किंगवरून भांडलेले दोघे एकमेकांच्या गोष्टी फाडायचे. तेव्हापासून ही पद्धत.

बाईंनी फाइल उघडली आणि म्हणाल्या, तुमच्यासाठी नियम बाजूला ठेवते, तिचा कागद काढून देते.

मी म्हणालो, "नको. मी ओळखेन."

इथे मला माझी थोडी ओळख द्यायला हवी. मी अठ्ठावीस वर्षं रबाळ्याच्या पट्ट्यात एका रंगाच्या कारखान्यात शेड जुळवायचं काम केलं. म्हणजे गिऱ्हाईक तुकडा आणून देणार, आणि माल त्याच रंगाचा उतरलाय की नाही ते मी सांगणार. यंत्रं नंतर आली. पांढऱ्याच्या अकरा छटा मी खिडकीपाशी उभा राहून नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या करून दिलेल्या आहेत. माझ्या हातून चुकीचा माल बाहेर गेला असं एकदाही झालं नाही. मग एकतीस वर्षं बरोबर राहिलेली बायको एका कागदावर ओळखता येणार नाही?

शिवाय मला एक आशा होती. तिचा कागद अचानक कानावर पडला, तिचाच आहे हे मला कळलं, की आत काहीतरी हलेल. फोटोने हललं नव्हतं, तिच्या साड्या वैदेहीने बॅगेत भरल्या तेव्हाही हललं नव्हतं. हे शेवटचंच राहिलं होतं. ते हातात आयतं घेऊन वाया घालवायचं नव्हतं.

अस्मिताबाईंनी फाइल मिटली.

तेव्हापासून मी दर शनिवारी जायला लागलो. बोलायची पाळी आली की चांगलं आहे म्हणायचो. बाकी वेळ कान लावून बसायचो, माल तपासायला बसावं तसा. एप्रिलमध्ये एका कागदात कोकणातलं घर निघालं. उज्वला राजापूरची, मी सावरून बसलो. पण पुढे दीड पान फणसाचं कौतुक होतं आणि उज्वलाला फणसाचा वाससुद्धा सहन होत नसे. बाद. मे महिन्यात एक शाळेच्या ऑफिसातली गोष्ट आली. उज्वला कोपरखैरण्याला शाळेच्या ऑफिसातच होती, पण या गोष्टीतली क्लार्कबाई हेडमास्तरांच्या तोंडावर रजिस्टर आपटते. उज्वलाने घरात भांडंसुद्धा कधी आपटलं नाही. तेही बाद. आपण बरंच ओळखून आहोत बायकोला, असं वाटून मला बरं वाटायचं.

जूनमध्ये एक्केचाळीस क्रमांकाचा कागद निघाला. पंढरी म्हणून एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, चिठ्ठी त्यांच्या नावाची आली. शीर्षक होतं 'चपला'. त्यात एक बायको सांगते की माझा नवरा बोलत नाही. आवडलं म्हणत नाही, नाही आवडलं म्हणत नाही. पण रोज सकाळी मी कामाला निघायच्या आधी तो माझ्या चपला दाराकडे तोंड करून ठेवतो. म्हणजे मला वळावं लागू नये, सरळ पाय घालून निघता यावं. एवढंच. मी आजारी होते तेव्हाही तो रोज ठेवायचा, मी कुठे जाणार नाही हे माहीत असून.

पंढरींनी कागद खाली ठेवला आणि मला वाटलं, हीच. न बोलणारा नवरा म्हणजे मी. छातीत किंचित हललं, किंवा हललं असं मी ठरवलं. माझी पाळी आली तेव्हा मी नुसतं छान आहे म्हणालो, पण माझा आवाज बसला होता आणि तो बसला याचाच मला आनंद झाला. माझ्या शेजारी पुतळाबाई बसायच्या, दिवा गावातल्या, सत्तरीच्या. त्यांना लिहिता येत नाही. त्या धनेशला तोंडी सांगतात आणि धनेश ते आपल्या शाळेतल्या मराठीत बसवून छापतो, बोलीवरून कळू नये म्हणून. त्या म्हणाल्या, बरा हाय, पन शेवटाला आनी थोडा पायजे व्हता. मला त्यांचा राग आला.

मी त्या कागदाची प्रत मागून घेतली आणि सोमवारी धनेशच्या दुकानात लॅमिनेशनला गेलो. धनेश कागद हातात घेऊन उभाच राहिला. साधा झेरॉक्स ठेवा काका, म्हणाला, लॅमिनेशन काढता येत नाही मग. मी म्हणालो, काढायचं कशाला? त्याने मान खाली घालून कागद यंत्रात सरकवला. मी तो उज्वलाच्या फोटोखाली लावला.

रात्री वैदेहीला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "बाबा, आपल्याकडे चपला बाहेरच्या रॅकमध्ये असतात ना?"

त्याआधीची गोष्ट आहे, तू लहान होतीस, असं मी सांगितलं. आणि खोटं बोललो असं मला वाटलं नाही. कारण तोपर्यंत मला आठवायला लागलं होतं. घणसोलीचं जुनं घर, दाराशी पायपुसणं, तपकिरी बक्कलवाल्या चपला, आणि मी वाकून त्या फिरवतोय. आठवडाभरात मला चपलेच्या टाचेची झीजसुद्धा दिसायला लागली. रोज सकाळी चहा घेऊन मी तो कागद वाचायचो. रडू मात्र आलं नाही. मग मी ठरवलं की काही माणसं अशीच असतात, हलतं ते आतल्या आत. मला तेवढ्यात समाधान होतं.

कागद मिळाला होता, आता जायचं कारण नव्हतं. तरी मी जात राहिलो, शनिवारी पाच ते सात दुसरं करायचं काय? आता कान लावायची गरज नव्हती म्हणून मी मोकळेपणाने मतं द्यायला लागलो. हा शेवट जमला नाही, इथे दोन शब्द जास्त झाले. पंढरी म्हणायचे, साहेब फॉर्मात आलेत.

ऑगस्टमध्ये माझ्या नावाची चिठ्ठी आली. सत्तेचाळीस क्रमांक, अर्धंच पान. शीर्षक नव्हतं. मी ते कारखान्यात तपासणीचा अहवाल वाचायचो तसं सरळ वाचून टाकलं.

"बाई एक स्टॉप आधी उतरते. तळ्याच्या कठड्याला लागून बाकडं आहे. पर्स मांडीवर ठेवून तिथे बसते. समोर तिवरांची झाडं आहेत, पाणी कधी असतं, कधी नुसता चिखल. फोन पर्समध्ये असतो. ती काही विचार करत नाही. दिवसभरात ही एवढीच वेळ अशी की कुणाला काही द्यायचं नसतं आणि कुणाला काही सांगायचं नसतं. वीस मिनिटं झाली की उठते. घरी जाऊन सांगते, बस उशिरा आली."

पहिलं मत वाचणाऱ्याने द्यायचं असतं. मी म्हणालो, यात काही घडतच नाही. बाई बसते, बाई उठते. दुःख काय आहे तेही सांगत नाही. मारणारा नवरा दाखवा, सासू दाखवा, म्हणजे वाचणाऱ्याला काहीतरी धरायला मिळेल. आणि मग मी प्रश्न विचारला. बाईंना तो वहीत लिहून घ्यावा लागतो म्हणून जरा हळू, सावकाश विचारला, "ही बाई घरी का जात नाही?"

अस्मिताबाईंनी लिहून घेतलं. धनेश वर पंख्याकडे बघत होता. पंढरी म्हणाले, साहेबांशी सहमत, वातावरण आहे पण गोष्ट नाही. पुतळाबाईंची पाळी आली तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "बसूं दे ना तिला. बसली तं बसली."

सगळे हसले, मीही हसलो. चहा आला.

दसऱ्याआधीच्या शनिवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला. 'चपला'ला प्रश्न आला होता की हा नवरा बोलत का नाही. उज्वला नाही, तर तिच्या वतीने उत्तर मीच देणार, असं मी धरून चाललो होतो. दोन दिवस तयारी केली होती. बोलणं मला जमलं नाही, पण तिला ते कळलं, आणि मला कळलं की तिला कळलंय, असं काहीसं म्हणायचं ठरवलं होतं. आरशापुढे म्हणूनही बघितलं.

बाई वहीतून वाचत गेल्या. क्रमांक, शीर्षक, नाव, मग प्रश्न, मग उत्तर. फणसवालं घर पंढरींचं निघालं. रजिस्टर आपटणारी क्लार्क खुद्द अस्मिताबाईंची. मग त्या म्हणाल्या, एक्केचाळीस, 'चपला', आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो.

"पुतळाबाई," त्या म्हणाल्या.

मी तसाच वाकून उभा होतो. धनेशने माझ्या दंडाला धरून मला बसवलं. पुतळाबाईंचं लक्ष नव्हतं, त्या पदर सारखा करून उत्तर द्यायला लागल्या होत्या. "माजा देवजी तो. मिठागराव जाचा. बोलून काय करनार व्हता? थकून याचा न झोपाचा. पन चपला फिरवून ठेवाचा. गेला त्या दिसालापन ठेवल्या व्हत्या." त्यांनी डोळे पुसले आणि लगेच पंढरींकडे बिस्किटाचा पुडा मागितला.

धनेश माझ्या कानाशी वाकला. काका, तुमाला सांगनार होतो त्या दिवशी, पन नियम हाय, म्हणाला. मी मान हलवली. घणसोलीचं घर, पायपुसणं, बक्कल, सगळं अजून तसंच दिसत होतं मला. फक्त ते माझं नव्हतं, मिठागरावरून थकून आलेल्या एका माणसाचं होतं, ज्याला मी कधी पाहिलेलं नाही.

बाई पुढे वाचत होत्या. बेचाळीस, त्रेचाळीस. मी आत्ता कुठे हिशेब मांडला. फाइलमध्ये न वाचलेला कागद आता उरलेला नाही, म्हणजे उज्वलाचा कागद वाचला गेलेला आहे, मी इथे बसलेला असताना वाचला गेलेला आहे. चव्वेचाळीस कुणाचा तरी निघाला, पंचेचाळीस निघाला. आणि सेहेचाळीसचं उत्तर कुणीतरी देत असताना मला कळलं. कुणी सांगायच्या आधी कळलं, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

बस उशिरा आली. सात-आठ वर्षं ती हे रोज म्हणायची. मी दार उघडायचो, घड्याळाकडे बघायचो, आणि ती चप्पल काढता काढता म्हणायची, बस उशिरा आली. मला त्या बसचा संताप यायचा. मी डेपोत दोनदा लेखी तक्रार दिली होती, पोहोच घेऊन. दुसऱ्या वेळी तिथल्या माणसाने मला नोंदवही दाखवली, म्हणाला साहेब, गाडी वेळेवर आहे, बघा ना. मी त्याला म्हणालो, म्हणजे माझी बायको खोटं बोलते का? तो सुट्टीचा दिवस होता, उज्वला माझ्याबरोबर होती. ती तिथे काउंटरपाशी उभी होती. जाऊ द्या हो, म्हणाली, चला घरी.

आणि मी हे सगळं माझ्या तोंडाने वाचलं होतं. सातजणांसमोर, स्वच्छ उच्चारात.

"सत्तेचाळीस," अस्मिताबाई म्हणाल्या. "शीर्षक नाही. उज्वला."

पंढरींनी पुडा खाली ठेवला. बाई वही मिटायला लागल्या, म्हणाल्या, याचा प्रश्न आपण सोडू या.

"नको," मी म्हणालो. "विचारा. पद्धत आहे ना."

त्यांनी वही पुन्हा उघडली. "ही बाई घरी का जात नाही?" एवढंच वाचलं, विचारणाऱ्याचं नाव वाचलं नाही.

मी वाईट नवरा नव्हतो. हात उगारला नाही, प्यायलो नाही, पगार घरात दिला. पहिली पाळी असायची, चारला मी घरी. निवृत्त झाल्यावर तर दिवसभर घरीच. ती आली की मला चहा लागायचा, मग दिवसभरात काय काय झालं ते मी सांगायचो, वॉचमन काय म्हणाला, टाकी कशी भरली नाही. ती ऐकत भाजी चिरायची. त्या कागदात ना मारणारा नवरा होता ना सासू, कारण तसं काही नव्हतंच. होतो तो मी होतो. तिने मला त्या अर्ध्या पानात घेतलंसुद्धा नव्हतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. पुतळाबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"घरी मी असायचो," मी म्हणालो.

अस्मिताबाईंनी ते वहीत लिहून घेतलं. त्यांना लिहायला फार वेळ लागला नाही. आणि तेव्हा मला वाईट वाटलं, सात महिन्यांत पहिल्यांदा, खुर्चीचा हात धरावा लागला इतकं वाईट वाटलं. ती तिथे बसायची त्याचं नाही. वीस मिनिटं झाली की ती रोज उठायची आणि घरी यायची, त्याचं.